ओट्याखालचं नाक

गिरगावातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्याच राहतात. वयामुळे त्यांना वास फारसा येत नाही. गॅस गळला तर कळावं म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेलं असतं, पण नाकच साथ देईना तर त्याचा काय उपयोग? त्यांची नात इंजिनिअरिंगला आहे. तिने आणि वर्गातल्या तिघांनी प्रोजेक्टसाठी हाच विषय घेतला. स्वयंपाकघरात सेन्सर बसवायचे आणि त्यांचे आकडे मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये दाखवायचे.

सामान लॅमिंग्टन रोडवरून आलं. वायफाय असलेला ईएसपी३२ बोर्ड, तापमान आणि दमटपणा मोजायला डीएचटी२२, गॅससाठी एमक्यू-६. यातला एमक्यू-६ नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढच्या सगळ्या अडचणी त्याच्याच पोटातून निघाल्या.

त्याच्या जाळीच्या टोपीखाली टिन डायऑक्साइडचा थर असतो आणि एक छोटा हीटर तो सतत तापता ठेवतो. तापलेल्या थरावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि थरातले इलेक्ट्रॉन धरून बसतो, म्हणून वीज जायला अडथळा होतो. एलपीजी आला की तो या ऑक्सिजनला खाऊन टाकतो, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध, म्हणजे विजेला होणारा हा अडथळा, उतरतो. जपानच्या नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये शोधलेली ही युक्ती आजही चालते.

म्हणजे हा सेन्सर गॅस ओळखत नाही, फक्त रोध सांगतो. तो कशामुळे उतरला हे त्याला ठाऊक नसतं. फोडणीच्या धुरानेही थोडा उतरतो, हाताला लावलेल्या सॅनिटायझरनेही. आणि पाण्याच्या वाफेनेही! उन्हाळ्यात बसवलेलं यंत्र जूनच्या पहिल्या सरींनंतर गॅस नसतानाही कोकलायला लागलं. आजींनी दोनदा शेजाऱ्यांना उठवलं, तिसऱ्यांदा प्लगच काढून ठेवला. खोटी घंटा वाजवणाऱ्या यंत्राचं हेच होतं आणि खरा धोका तिथेच आहे.

मुलांनी एमक्यू-६ चं माहितीपत्रक पुन्हा काढलं. त्यात ३३ टक्के आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या रेषा वेगवेगळ्या दाखवलेल्या होत्या. मग डीएचटी२२ च्या आकड्यावरून गॅसचा आकडा (रोध उतरला की हा चढतो) दुरुस्त करायला सुरुवात झाली. शिवाय आकडा किती आहे याबरोबर तो कसा वाढतो हेही प्रोग्राम पाहू लागला. फोडणीचा आकडा झटकन वर जातो आणि खिडकी उघडी असली तर थोड्या वेळात खाली येतो. गळतीचा आकडा चढत राहतो. मात्र एक वरची मर्यादा त्यांनी पक्की ठेवली, कारण नेहमीची पातळी आपोआप शिकणारा प्रोग्राम अगदी हळू होणाऱ्या गळतीलाही नेहमीचीच समजून बसेल. हा विचार त्यांना सुचला याचं मला फार कौतुक वाटलं.

सेन्सर लावायची जागाही महत्त्वाची. आजींकडे सिलिंडर आहे. त्यातला प्रोपेन आणि ब्यूटेन हवेपेक्षा जड, म्हणून सेन्सर ओट्याखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर. शेजारच्या खोलीत पाइपचा गॅस आहे. त्यातला मिथेन हवेच्या जेमतेम निम्म्या वजनाचा, तो छताकडे जातो. तिथे मिथेनसाठीचा एमक्यू-४ आणि तोही वर लावायला हवा.

सुरुवातीला अ‍ॅपमधून एक्झॉस्ट फॅन आपोआप लावायची कल्पना होती. ती त्यांनी सोडली आणि बरं केलं. गॅस साठलेल्या खोलीत फॅनच्या स्विचची किंवा रिलेची, म्हणजे विजेने आपोआप चालणाऱ्या स्विचची, ठिणगीसुद्धा पुरते. रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या-दारं उघडायची, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही आणि बाहेर पडायचं. अ‍ॅप आता नातीच्या मोबाईलवर हेच चार शब्दांत दाखवतं. पण आजींसाठी घंटा खोलीतच वाजते आणि ती वायफायवर अवलंबून नाही.

चाचणीला त्यांनी लायटरमधला गॅस न पेटवता सेन्सरजवळ सोडला. आकडा चढला, घंटा वाजली आणि आजी लगबगीने उठून थेट रेग्युलेटरकडे गेल्या. मग वळून विचारलं, "आणि लाईट गेली तर गं?"

त्या हीटरलाच पाऊण वॅटच्या आसपास वीज लागते, त्यामुळे छोटी बॅटरी पुरणार नाही. पुढच्या रविवारी चौघं दहा हजार एमएएचची पॉवर बँक घेऊन आले. हिशेबाने ती दिवसभर पुरायला हवी. आजींनी ती देव्हाऱ्याशेजारी ठेवायला लावली, म्हणजे रोज नजरेसमोर राहील.