उन्हाळी उन्हाळ्यापुरती नसते

लघवीला जळजळ होऊ लागली की आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ असे म्हणतात आणि धन्या-जिऱ्याचे पाणी पुढे केले जाते. त्यात थोडे तथ्य आहे, कारण अंगातले पाणी आटले की लघवी कमी वेळा होते आणि जंतूंना मूत्राशयात वाढायला सवड मिळते. मात्र बहुतेक वेळा खरा कर्ता ‘ई. कोलाय’ हा एरवी आतड्यात निमूट राहणारा जीवाणू असतो. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटर, पुरुषाचा सुमारे २०, त्यामुळे स्त्रीच्या शरीरात या जीवाणूची वाट सोपी होते. त्याच्या अंगावरच्या सूक्ष्म तंतूंच्या टोकाला असलेले प्रथिन मूत्राशयाच्या अस्तरावरील मॅनोज शर्करेला असे चिकटते की लघवीच्या धारेनेही तो वाहून जात नाही.

वय बदलते तशी त्याला मिळणारी संधी बदलते. शाळेतले स्वच्छतागृह नकोसे वाटते म्हणून ज्या मुली दिवसभर पाणी टाळतात आणि लघवी रोखून धरतात, त्यांना हा त्रास सहज होतो. त्यात बद्धकोष्ठता असेल तर भरलेल्या आतड्याच्या दाबामुळे मूत्राशय पुरते रिकामे होत नाही. तरुणपणी शरीरसंबंध हे मोठे कारण असते आणि त्याचा अस्वच्छतेशी संबंध जोडून बाईला ओशाळवाणे करणे सर्वस्वी गैर आहे. मुळात पाणी कमी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रियांवर बल्गेरियात झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज दीड लिटर जास्त पाणी पिणाऱ्या गटात वर्षभरात संसर्ग सरासरी १.७ वेळा झाला, इतरांत ३.२ वेळा. गरोदरपणात मूत्रवाहिन्या सैलावतात आणि गर्भाशयाचा भार पडतो, त्यामुळे कसलाही त्रास नसताना लघवीत सापडलेल्या जंतूंवरही उपचार करावे लागतात, नाहीतर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो.

पाळी गेल्यानंतरचे कारण मात्र सहसा कोणी समजावून सांगत नाही. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन ही साठवणीची शर्करा जमा होते. लॅक्टोबॅसिलस हे मित्रजंतू त्यावर पोसले जातात आणि दह्यातल्यासारखे लॅक्टिक आम्ल तयार करून तिथला सामू (पीएच; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ४.५ च्या खाली राखतात. हे संप्रेरक आटले की विरजणच बिघडते, सामू चढतो आणि आतड्यातले जंतू तिथे ठाण मांडतात. अशा वेळी प्रतिजैविकांचे एकामागून एक कोर्स घेण्याऐवजी योनीत लावायचे इस्ट्रोजेनचे मलम उपयोगी पडते, हे १९९३ सालच्या एका चाचणीत स्पष्ट दिसले होते. ते आपल्याला चालेल का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावे.

आजीच्या वयात उलटाच प्रश्न येतो. जळजळ नाही, ताप नाही, तरी तपासणीत जंतू दिसले म्हणून गोळ्या सुरू होतात. वास्तविक या वयात असे निरुपद्रवी जंतू अनेकींच्या लघवीत असतात आणि सहसा त्यांना हात लावायचा नसतो. थंडी वाजून ताप आला किंवा कंबरेच्या वरच्या बाजूला पाठीत दुखू लागले, तर मात्र कोणत्याही वयात धन्याच्या पाण्यावर थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि औषधाचा पहिला डोस घेण्यापूर्वी, सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेचा नमुना कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, द्यावा.