पन्ह्याची पूर्वपीठिका

चिंचेचंही पन्हं होतं आणि बेलफळाचंही. आज नुसतं ‘पन्हं’ म्हटलं की कैरीचंच समजतात, पण हा शब्द मुळात कैरीला बांधलेला नाही. संस्कृतातल्या ‘पानक’ शब्दावरून तो आला. फळांचा रस किंवा गर पाण्यात कालवून, गोड करून, मसाला घालून प्यायचं ते पानक. कर्नाटकात रामनवमीला वाटतात तो पानक आणि आंध्र-तमिळनाडूतलं पानकम ही याच शब्दाची भावंडं. तिकडे त्यात गूळ, सुंठ, मिरी, वेलची पडते आणि कैरी नसतेच. आपल्याकडे मात्र रामनवमीची सुंठ सुंठवड्यात गेली.

मग कैरी कधी आली? फार पूर्वी, आणि याचा पुरावा स्वयंपाकाच्या पुस्तकात नाही, भिक्षूंच्या नियमांत आहे.

बौद्ध भिक्षूंना दुपारनंतर जेवण वर्ज्य. पण तहानेचं काय? विनयपिटक या भिक्षूंच्या नियमग्रंथातल्या महावग्ग या भागात एक कथा येते. ‘आपण’ नावाच्या नगरात केणिय नावाचा जटाधारी तपस्वी बुद्धांसाठी पेय तयार करून आणतो. त्या निमित्ताने भिक्षूंना आठ पेयांची परवानगी मिळते. त्यात आंबा, जांभूळ, केळ्याचे दोन प्रकार, मध, द्राक्ष, कमळकंद आणि फालसा आहे, आणि यादीत पहिलं नाव आंब्याचं, ‘अंबपान’. पुढे फुलांच्या रसालाही मुभा आहे, पण मोहाची फुलं सोडून. धान्याचा रसही चालत नाही. म्हणजे पोट भरेल किंवा नशा चढेल असं काही नको. पेय हे जेवण आणि पाणी यांच्या मधलं असावं, हा विचार इथे स्पष्ट दिसतो. पन्ह्याची याहून नेमकी व्याख्या मला तरी कुठे सापडलेली नाही.

हे अंबपान करायचं कसं, हे इसवी सनाच्या ५व्या शतकात श्रीलंकेत राहून बुद्धघोष या बौद्ध भाष्यकाराने ‘समंतपासादिका’ या विनयपिटकावरच्या भाष्यात लिहून ठेवलं. पिकलेल्या आंब्याचं चालतं, कच्च्याचंही चालतं. कच्च्याचं करायचं तर कोवळ्या कैऱ्या फोडून पाण्यात टाकायच्या, ते पाणी उन्हात शिजू द्यायचं, गाळायचं आणि मग मध, साखर, कापूर वगैरे मिसळायचं. विस्तवावर शिजवायचं नाही, उन्हावरच. दीड हजार वर्षांपूर्वीची ही कृती आणि आपल्या आजीची कृती यांत फरक आहे तो चुलीचा आणि कापराचा. कापराची जागा आपल्याकडे वेलदोड्याने घेतली.

महाराष्ट्रात पन्ह्याला घर मिळालं ते चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते, अक्षय्य तृतीयेपर्यंत राहते. त्या महिन्याभरात कधीही बायकांना बोलवायचं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची आणि आंब्याची डाळ व पन्हं द्यायचं. झाडावर तेव्हा कैऱ्याच असतात, आंबे पिकायचे असतात. ऊन तर असतंच. इतकं चोख जुळलेलं हे ‘डाळ-पन्हं’ आहे की दोन्ही शब्द एका श्वासात म्हटले जातात. उत्तरेत कैरी भाजून जिरं, पुदिना, काळं मीठ घालतात, तिखट-खारट चवीकडे झुकतात. मराठी पन्हं गोडाकडे झुकलं. त्यात मीठ चिमूटभरच, पण ते विसरू नये, घामाने गेलेलं मीठ तेवढंच परत येतं.

गोडी मात्र बदलली. जुनं पन्हं गुळाचं. १९५०च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मागोमाग इतर आले आणि पांढरी साखर घरोघर रुळली. साखरेच्या पन्ह्यात केशराचा रंग खुलतो, गुळाच्या पन्ह्यात तो झाकला जातो. मी गुळाच्या बाजूची आहे. उकडलेल्या कैरीच्या एक वाटी गराला दीड ते दोन वाट्या गूळ, कैरी किती आंबट आहे ते चाखून. तोतापुरीपेक्षा रायवळ कैरी घ्यावी, आंबटपणा तिच्यातच असतो.

बाटलीतल्या पन्ह्यावर ‘घरगुती चव’ लिहिलेलं दिसतं तेव्हा मला वाईट वाटतं. मूळ घरचं आहे, बाटली ही त्याची नक्कल आहे.

गेल्या एप्रिलमध्ये बुद्धघोषाची कृती करून पाहिली. कोवळ्या कैऱ्या ठेचल्या, काचेच्या बरणीत पाण्यात घालून वर फडकं बांधलं आणि दिवसभर गच्चीत ठेवल्या. संध्याकाळी गाळून मध आणि थोडी साखर घातली, भीमसेनी कापराचा अगदी कण. उकडलेल्या गराचा दाटपणा त्याला नव्हता. रंग फिका हिरवट, वास मोहोराच्या जवळचा, आणि ते त्याच रात्री संपवावं लागलं. भिक्षूंनाही ते त्याच दिवसापुरतंच चालत असे.