बॅच स्पार्ज की फ्लाय स्पार्ज? मॅशचं भांडं बनवण्याआधी ठरवा

घरी ऑल-ग्रेन बीअरचा, म्हणजे तयार अर्काऐवजी थेट धान्यापासून बीअर करण्याचा, सेटअप उभा करताना धान्य धुण्याच्या या दोन पद्धतींची हमखास सरमिसळ होते. मॅश म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात ठेवून त्यातल्या स्टार्चची साखर करणं. मॅश झालेल्या माल्टात अडकलेली साखर गरम पाण्याने काढणं हे दोन्हींचं काम. पण बॅच स्पार्जमध्ये पाणी घालून धान्य ढवळायचं आणि साखर पाण्यात उतरवायची असते. फ्लाय स्पार्जमध्ये धान्याचा थर मुळीच हलवायचा नसतो. वरून सोडलेलं पाणी खालचा वर्ट, म्हणजे धान्यातून उतरलेलं गोड पाणी, हळूहळू पुढे ढकलतं. तळाची जाळी, भांड्यांची मांडणी, लागणारा वेळ, पाण्याची निवड हे सगळं याच फरकावरून ठरतं.

त्याआधी कायद्याचं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. म्हणून यीस्ट घालण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे चौकशी करा. यीस्ट न घालता उकळून थंड केलेला वर्ट माल्टचं पेय म्हणून पिता येतो, आणि तिथपर्यंतचं काम तेच आहे.

20 लिटरच्या घाण्याला 5 किलो बार्ली माल्ट आणि किलोमागे 3 लिटर, म्हणजे 15 लिटर पाणी घ्या. मॅश 67 अंशांवर एक तास ठेवायचा. पाणी किती तापवायचं ते धान्य किती गरम आहे यावर ठरतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला घरातलं धान्यच 40 अंशांवर असतं, तेव्हा 71 अंशांचं पाणी पुरतं. जानेवारीत पहाटे धान्य 15 अंशांवर असेल तर 74 लागतं. हिवाळ्याचा आकडा उन्हाळ्यात तसाच वापरला तर मॅश 70 च्या आसपास जातो, आंबणारी साखर करणारं बीटा अमायलेज हे एन्झाइम लवकर निकामी होतं आणि न आंबणारी साखर जास्त उरते.

बॅच पद्धतीत तासाभराने तोटी किंचित उघडून पहिले 2-3 लिटर परत वर ओता. वर्ट स्वच्छ दिसू लागला की सगळा काढून घ्या. 5 लिटर पाणी धान्य पिऊन टाकतं, हाती 10 येतं. मग 80 अंशांचं 15 लिटर पाणी घाला. मिश्रण 75 च्या आसपास येतं. तळापासून नीट ढवळा, दहा मिनिटं बसू द्या, पुन्हा पहिला गढूळ वर्ट वर ओता आणि काढा. उकळायला 25 लिटर मिळतं. इथे ढवळण्यात कसूर केली की साखर धान्यातच राहते, आणि बॅच पद्धतीत उतारा कमी पडण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

फ्लाय पद्धतीत आधी मॅश 76 अंशांवर न्यायचा. निचरा तासभर चालतो आणि तेवढ्या वेळात एन्झाइम काम करत राहिले तर वर्टाची घडण बदलते. धान्यावर दोन-तीन सेंटिमीटर पाणी कायम ठेवून मिनिटाला साधारण अर्धा लिटर वेगाने वर्ट काढायचा आणि तेवढंच पाणी वरून सोडायचं. घाई केली की पाणी थरात स्वतःची वाट पाडतं आणि बाजूचं धान्य न धुता राहतं. नीट जमलं तर बॅचपेक्षा उतारा थोडा जास्त मिळतो, पण घरच्या 5 किलो माल्टात तो फरक मूठ-दोन मूठ जादा धान्य घालून भरून निघतो.

जाळीतही फरक आहे. बॅचमध्ये थर ढवळला जातो, त्यामुळे वर्ट कुठून निघतो याला महत्त्व नाही. गिझरच्या कनेक्शन पाइपवरची स्टेनलेस स्टीलची विणलेली जाळी, आतली रबरी नळी ओढून काढून, तोटीला जोडली की पुरते. फ्लायसाठी तळभर भोकांची प्लेट हवी, नाहीतर तळभर सारख्या अंतराने पसरलेलं नळ्यांचं जाळं. जळगावात पीव्हीसी पाइप सहज मिळतो, पण शेतीचा तो पाइप इथे वापरू नका. 60 अंशांच्या पुढच्या पाण्यासाठी तो नाहीच. पिण्याच्या गरम पाण्याचा सीपीव्हीसी चालतो, स्टील असेल तर उत्तम. शिवाय फ्लायला गरम पाण्याचं तिसरं भांडं उंचावर लागतं. बॅचला मॅशसाठी आइसबॉक्स, 40 लिटरचा स्टीलचा गंज आणि मोठी शेगडी एवढ्यावर भागतं.

आता पाणी. आपल्याकडच्या अनेक बोअरचं पाणी भांड्यावर पांढरा थर धरतं, म्हणजे त्यात बायकार्बोनेट भरपूर. फ्लायच्या शेवटी वर्ट पातळ होतो, धान्याची आम्लता धुऊन जाते, पीएच 6 च्या वर चढतो आणि टरफलातला तुरटपणा उतरतो. म्हणून वर्टाची घनता (साध्या पाण्याची 1.000) 1.010 ला आली की थांबायचं. बॅचमध्ये दुसऱ्या पाण्यातही साखर बरीच असते, त्यामुळे हा धोका कमी. तरी दोन्हींसाठी पाणी आदल्या दिवशी उकळून, निवळून वरचं घ्या किंवा निम्मं आरओचं मिसळा. खानदेशात सुरुवात बॅचनेच करावी असं आमचं ठाम मत आहे, आणि त्याचं मोठं कारण हे पाणी आहे.

माल्ट पिठाच्या गिरणीत दळू नका. टरफल अख्खं राहायला हवं, निचरा त्यातूनच होतो. रोलर गिरणीत साधारण 1 मिलिमीटर फट ठेवा. थोडी दादर ज्वारी घालायची असेल तर ती भरडून आधी वेगळी शिजवा, कारण ज्वारीचा स्टार्च मॅशच्या तापमानाला नीट फुलत नाही. ज्वारीला टरफल नसल्याने थर गच्च बसतो. मूठभर भाताचं तूस धुऊन मिसळा. तरीही निचरा अडला तर बॅचमध्ये ढवळून पुन्हा बसू द्यायचं, एवढंच. फ्लायमध्ये निचरा थांबवून तोटीतूनच उलटं 2 लिटर गरम पाणी वर चढवा, थर सैल करा, पंधरा मिनिटं थांबा आणि गढूळ वर्ट वर ओतण्यापासून पुन्हा सुरुवात करा.