सोर्स कुठला आणि बिल्ड कुठला?

एचटीएमएल म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे, तेव्हा त्यावर वेळ घालवत नाही. स्टॅटिक साईट म्हणजे अशा तयार फायलींचा ढीग. मागं डेटाबेस नाही, पीएचपी नाही. इथवर कुणाचीच गाडी अडत नाही. अडते ती दुरुस्ती करायची वेळ आली की.

गावांची नावं मराठीतून कन्नड लिपीत आणि कन्नडमधून मराठीत करून देणारं एक छोटं ओपन सोर्स टूल आम्ही बेळगावातले तिघं-चौघं सांभाळतो. त्याची साईट ह्यूगोवर आहे, म्हणजे साध्या मजकुरातून एचटीएमएल पानं तयार करणाऱ्या एका प्रोग्रॅमवर (अशा प्रोग्रॅमला जनरेटर म्हणतात). तिच्या इंग्रजी पानावर एके ठिकाणी शहराचं जुनं 'बेलगाम' हे स्पेलिंग राहून गेलं होतं. सरकारी स्पेलिंग १ नोव्हेंबर २०१४ लाच 'बेळगावी' झालंय. (मराठी पानावर बेळगाव आहे आणि बेळगावच राहणार, त्यावर कृपया इश्यू, म्हणजे तक्रार, उघडू नका.) खानापूरच्या एका पोरानं दुरुस्ती पाठवली, मी घाईत मर्ज केली, म्हणजे प्रकल्पात सामावून घेतली, साईटवर नाव बरोबर दिसायला लागलं. चार दिवसांनी दुसऱ्या कुणीतरी साईटवरच्या मजकुरात टूल इन्स्टॉल करायची एक पायरी बदलली आणि 'बेलगाम' परत हजर. पोराचा फोन आला, "दादा, मी बदललं होतं की ओ! परत कुणी घातलं?"

कुणीच नाही. त्यानं 'पब्लिक' फोल्डरमधली एचटीएमएल फाईल बदलली होती आणि मीही न बघता हो म्हटलं होतं.

लग्नपत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकली की घरातली मंडळी रात्रभर बसून पाचशे पत्रिकांवर पेनानं खाडाखोड करतात. मग पत्रिका कमी पडतात, आणखी शंभर छापायला जातात, आणि त्या शंभरांवर जुनीच वेळ असते. प्रेसवाल्याकडचा मजकूर कुणी बदललेलाच नसतो. 'कंटेंट' फोल्डरमधलं मार्कडाउन (साध्या खुणा घालून लिहिलेला मजकूर), 'लेआउट्स'मधले टेम्प्लेट (पानांचे साचे) आणि कॉन्फिग (साईटच्या सेटिंग्ज) हा प्रेसवाल्याकडचा मजकूर, म्हणजे सोर्स. ह्यूगोची कमांड चालवली की 'पब्लिक'मध्ये पडतं ते छापील, म्हणजे बिल्ड.

एवढं सोपं असून शहाणी माणसंही फसतात, कारण चुकीच्या जागी केलेली दुरुस्ती आधी चालते. लगेच काही मोडलं असतं तर दुसऱ्यांदा कुणी तिथं हात लावला नसता. पण साईट बरोबर दिसते, माणूस निवांत होतो, आणि पुढचा बिल्ड सगळं पुसून टाकतो. तेव्हा दोष दिसतो तो इन्स्टॉलची पायरी बदलणाऱ्याचा. त्यात शोधही दिशाभूल करतो. मार्कडाउनमध्ये एकदाच लिहिलेलं वाक्य बिल्डमध्ये त्या पानावर, कधी यादीच्या पानावर, कधी आरएसएसमध्येही (नव्या मजकुराच्या आपोआप बनणाऱ्या यादीत) उमटतं. रेपोत, म्हणजे प्रकल्पाच्या सगळ्या फायली असतात तिथं, शब्द शोधला की बिल्डमधल्याच फायली जास्त सापडतात, आणि माणूस पहिली दिसेल ती उघडतो.

फोल्डरच्या नावावर तर अजिबात विसंबू नका. ह्यूगो बिल्ड 'पब्लिक'मध्ये टाकतं, दुसऱ्या जनरेटरांपैकी जेकिल 'अंडरस्कोर साईट'मध्ये (_site), एमकेडॉक्स नुसत्या 'साईट'मध्ये. हे पाठ करायची गरज नाही. खरा घोळ 'डॉक्स' या एका नावाचा आहे. एमकेडॉक्समध्ये 'डॉक्स' हा सोर्स, तिथंच लिहायचं. पण गिटहब पेजेसला (रेपोतून साईट दाखवायची गिटहबची सोय) ब्रँचवरून, म्हणजे रेपोच्या एका शाखेवरून, साईट दाखवायची तर दोनच जागा चालतात, रेपोचं मूळ किंवा 'डॉक्स'. म्हणून ह्यूगोवाले कॉन्फिगमध्ये सांगून बिल्डच 'डॉक्स'मध्ये टाकतात. म्हणजे नाव तेच, पण एका रेपोत तिथं लिहायचं आणि शेजारच्या रेपोत तिथं बोटही लावायचं नाही. माझी कसोटी एकच: हे फोल्डर उडवून एक कमांड मारली तर जसंच्या तसं परत येईल का? येत असेल तर बिल्ड. येत नसेल तर सोर्स, आणि उडवायच्या आधी मला विचारा.

जेकिलवाल्यांना हा फरक बहुधा कधी दिसतच नाही. ब्रँचवर सोर्स ढकलला की गिटहब स्वतःच जेकिल चालवतं, बिल्ड रेपोत येतच नाही. म्हणून त्यांना वाटतं की बिल्ड असा काही प्रकारच नसतो. पुढं तेच लोक स्फिंक्स या आणखी एका जनरेटरचं तयार एचटीएमएल तिथं टाकतात आणि सगळी सीएसएस (पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या फायली) गायब होते, कारण अंडरस्कोरनं सुरू होणारी फोल्डरं जेकिल वगळतं आणि स्फिंक्सची सीएसएस 'अंडरस्कोर स्टॅटिक'मध्ये असते. 'डॉट नोजेकिल' नावाची रिकामी फाईल ठेवली की काम होतं.

बिल्ड रेपोत कमिट करणं, म्हणजे नोंदवून ठेवणं, मला मुळातच पटत नाही. एका शब्दाच्या दुरुस्तीला चाळीस फायलींचा डिफ (काय बदललं त्याची यादी) येतो आणि मग माझ्यासारखा माणूस न वाचता मर्ज करतो. शिवाय ह्यूगो जुना 'पब्लिक' आपणहून साफ करत नाही. सोर्समधून काढलेलं पान तिथं पडून राहतं आणि लोकांना दिसत राहतं. आम्ही 'पब्लिक' गिटइग्नोअरमध्ये (रेपोत घ्यायच्या नाहीत अशा फायलींच्या यादीत) टाकलं, रेपोतून काढलं आणि बिल्ड आपोआप कमांड चालवणाऱ्या गिटहब अ‍ॅक्शन्सकडे दिला. २०२२ पासून पेजेसवर अ‍ॅक्शन्समधून थेट साईट चढवता येते, ब्रँचवर बिल्ड ठेवावाच लागत नाही. पोरानं नंतर मार्कडाउनमध्ये तीच दुरुस्ती पाठवली. एका ओळीचा डिफ. या वेळी मी वाचून मर्ज केला.

आणि तुमच्या प्रकल्पाला एकच पान पुरत असेल तर जनरेटरच्या वाटेला जाऊच नका. हातानं एक एचटीएमएल फाईल लिहा. तिथं सोर्स तोच आणि बिल्डही तोच, पेनानं खुशाल खोडा.