हा कोड कुणाचा, आणि पुरावा काय?

२०२५ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात साठवणीच्या खोलीची आवराआवर चालू असताना एक जुनी चुंबकीय टेप हाती लागली. वरच्या चिठ्ठीवर हाताने लिहिलं होतं: बेल लॅब्जकडून आलेलं मूळ युनिक्स, चौथी आवृत्ती. युनिक्स म्हणजे संगणकाचा सगळा कारभार चालवणारी प्रणाली; ती बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेत घडली. १९७३ची ही आवृत्ती महत्त्वाची, कारण युनिक्सचा गाभा तिच्यात पहिल्यांदा सी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला गेला. काही तुकडे आणि माहितीपुस्तिका सोडल्या तर ती हरवल्यातच जमा होती. सुमारे पन्नास वर्षं ही टेप टिकली, कारण ती फेकून द्यावी असं कुणाच्या मनात आलं नाही. एवढंच.

विद्यापीठात तयार होणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरचं नशीब इतकं बलवत्तर नसतं. पीएचडीचा विद्यार्थी चार-पाच वर्षं खपून एखादा प्रोग्रॅम लिहितो, पदवी घेतो आणि नोकरीला लागतो. त्याचं विद्यापीठातलं खातं बंद होतं. कोडची एक प्रत त्याच्या लॅपटॉपवर राहते, दुसरी प्रयोगशाळेतल्या सर्व्हरवर. त्या सर्व्हरचा पासवर्ड कुणाला आठवत नाही. शोधनिबंध मात्र ग्रंथालयात जपून ठेवलेला असतो. निबंधातली आकडेमोड ज्या कोडने केली, तोच गायब. मला ही तऱ्हा नेहमीच अजब वाटत आली आहे.

‘बॅकअप आहे की!’ हे उत्तर ठरलेलं. डिसेंबर २०२१मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर बॅकअपचंच काम करणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, चालू होती आणि ती चालू असतानाच तिची सुधारित आवृत्ती तिच्यावर लिहिली गेली. अशी स्क्रिप्ट संगणक पुढे पुढे वाचत जातो. तो मधूनच नवी आवृत्ती वाचू लागला आणि एका चलाची किंमत रिकामी राहिली. जुन्या नोंदी पुसण्यासाठी लिहिलेली आज्ञा संशोधकांच्या फाइलींवर चालली. सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली, ७७ टेराबाइट माहिती पुसली गेली. १४ संशोधनगटांना फटका बसला, त्यांतल्या चार गटांची माहिती परत मिळवता आली नाही.

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट विद्यापीठाला डिसेंबर २०१९मध्ये वेगळाच धडा मिळाला. हल्लेखोरांनी रॅन्समवेअर या खंडणीसाठीच्या प्रोग्रॅमने सर्व्हर कुलूपबंद केले आणि त्याच जाळ्याला जोडलेले काही महत्त्वाचे बॅकअपही त्यात सापडले. विद्यापीठाने ३० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे साधारण २ लाख युरो मोजले. (पोलिसांनी पुढे यातली थोडी रक्कम जप्त केली. ती २०२२मध्ये परत मिळेपर्यंत बिटकॉइनचा भाव इतका वाढला होता की, तिची किंमत मूळ खंडणीपेक्षा जास्त भरली. असा योग क्वचितच.) म्हणून निदान एक प्रत जाळ्यापासून तोडलेली, दुसऱ्या इमारतीत आणि जिच्यावर पुन्हा लिहिता येणार नाही अशी हवी.

पण प्रत शाबूत राहिली म्हणजे हक्क शाबूत राहिला असं होत नाही. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ ही म्हण सॉफ्टवेअरला फार घट्ट बसते, कारण इथे ससा एकाच वेळी शंभर हातांत असू शकतो आणि शंभरही ससे हुबेहूब सारखे. मग पारधी कोण, हे ठरवायचं कसं?

बर्कलीचं उदाहरण बघा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तिथल्या गटाने एटी अँड टी या बेल लॅब्जच्या मालक कंपनीच्या युनिक्सवर वर्षानुवर्षं काम केलं, बरीचशी प्रणाली नव्याने लिहिली आणि १९९१मध्ये आपला भाग खुला केला. १९९२मध्ये एटी अँड टीची उपकंपनी कोर्टात गेली: यात आमचा कोड आहे. विद्यापीठानेही उलट दावा लावला: तुम्ही आमचा कोड वापरलात आणि परवान्यात सांगितल्याप्रमाणे आमचं नाव दिलं नाहीत. १९९४मध्ये तडजोड झाली. सुमारे १८,००० फाइलींमधून काढाव्या लागल्या तीन. आणखी सत्तरेक फाइलींवर कंपनीची कॉपीराइट सूचना लावायची ठरलं, तरी त्या वाटायला मोकळीक राहिलीच. एवढ्या गदारोळाचं सार म्हणजे फाइलनिहाय हिशेब! कोणती ओळ कुणी, कधी लिहिली याची नोंद नसेल, तर असा हिशेब मांडणार कशाच्या आधारावर? बर्कलीच्या बदलांच्या नोंदी त्या गटातल्या मार्शल कर्क मक्यूसिक यांनी जपल्या, पुढे सीडींच्या संचातून उपलब्धही करून दिल्या.

आज हा पुरावा उभा करायला हॅश नावाची गणिती युक्ती कामाला येते. कितीही मोठी फाइल तिच्यात घाला, बाहेर ठरावीक लांबीची अक्षर-अंकांची माळ पडते. एसएचए-२५६ या पद्धतीत ६४ चिन्हांची. मूळ फाइलीत एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी माळ बदलते. माळेवरून फाइल मात्र परत घडवता येत नाही. हा कोडच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा. दरवर्षी ठसा पुन्हा काढून जुन्या ठशाशी ताडला की डिस्कवर एखादा बिट गुपचूप कुजला असेल तर तेही कळतं. ठशाची पद्धतही म्हातारी होते, हे ध्यानात असू द्या: २०१७मध्ये संशोधकांनी जुन्या एसएचए-१ पद्धतीत दोन वेगळ्या फाइलींचा एकच ठसा काढून दाखवला.

तारखेचं काय? संगणकाचं घड्याळ कुणीही मागे फिरवू शकतं. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या संशोधकांनी १९९१मध्ये यावर तोडगा मांडला. अनेक ठसे एकमेकांत गुंफून शेवटी एकच ठसा काढायचा आणि तो जगजाहीर करायचा. त्यांच्या कंपनीने १९९५पासून हा ठसा दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापला. ग्रंथालयाग्रंथालयांत गेलेला अंक मागाहून बदलणार कोण?

यातली खुबी मला सगळ्यात जास्त आवडते ती अशी: कोड गुप्त ठेवूनही त्याचा ठसा उघड करता येतो. विद्यापीठांची खरी कोंडी इथेच असते. कॉपीराइट कोड लिहिताक्षणीच मिळतो, बर्न या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार त्यासाठी नोंदणी लागत नाही. पेटंटचं तसं नाही. युरोपात अर्जाआधी शोध उघड झाला की त्याचं नावीन्य संपतं. अमेरिकेत एक वर्षाची सवलत आहे. त्यामुळे उत्साहाने खुल्या संग्रहात टाकलेला कोड पेटंटचं दार बंद करू शकतो. ठसा आज जाहीर करावा, कोड बंद दप्तरात ठेवावा आणि अर्ज दाखल झाल्यावर वाटलं तर खुला करावा.

बंद दप्तराची किल्ली हा आणखी एक ताप. कोड सांकेतिक रूपात ठेवला आणि किल्ली जाणणारे प्राध्यापक निवृत्त झाले, तर दप्तर चोराप्रमाणे मालकालाही बंद! अदि शमीर या सांकेतिक लिपीच्या तज्ज्ञाने १९७९मध्ये किल्लीचे तुकडे करण्याची रीत दाखवली. पाच जणांना पाच तुकडे द्या, कोणतेही तीन एकत्र आले तरच किल्ली बनते; दोघांच्या संगनमताने काही साधत नाही.

खुल्या कोडसाठी वाट सोपी आहे. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेने २०१६मध्ये जाहीर केलेला सॉफ्टवेअर हेरिटेज हा संग्रह जगभरचा खुला कोड इतिहासासकट गोळा करतो. तिथे ओळखक्रमांक म्हणजे ठसाच असतो, त्यामुळे क्रमांकावरूनच मजकुराची खातरजमा होते. सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र संशोधनसंस्थेचा झेनोडो हा संग्रह प्रत्येक आवृत्तीला निबंधात उद्धृत करता येईल असा डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, देतो. मात्र संग्रहात टाकण्यापूर्वी कोडमध्ये कुणाचा पासवर्ड तर राहिला नाही ना, हे जुन्या आवृत्त्यांतही तपासायला हवं.

कोडसोबत कागदही जपावे लागतात: परवाना, निधी देणाऱ्याच्या अटी, आणि विद्यार्थ्यांशी केलेले करार. अनेक विद्यापीठांत नोकरदारांच्या कामाचे हक्क संस्थेकडे जातात, विद्यार्थ्याचे त्याच्याकडेच राहतात. दोघांनी मिळून लिहिलेल्या प्रोग्रॅमचा परवाना दहा वर्षांनी बदलायचा झाला तर त्या विद्यार्थ्याला शोधत फिरण्याची वेळ येते.

युटातली ती टेप पुढे कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये पोचली. डिसेंबर २०२५मध्ये तिथल्या जाणकारांनी तिच्यावरचे चुंबकीय संकेत टिपले आणि प्रोग्रॅमच्या साहाय्याने त्यांतून फाइली उभ्या केल्या. त्या चालवायला पीडीपी-११ हा १९७०च्या दशकातला संगणक हवा होता. त्याची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम हौशी लोकांनी आधीच लिहून, जपून ठेवला होता. त्यावर चौथं युनिक्स सुरू झालं.