धक्क्यावरची पोरं: 'बाउरी बॉईज'मागची गोष्ट

२८ ऑक्टोबर १९३५ ला न्यूयॉर्कच्या बेलास्को थिएटरमध्ये पडदा वर गेला, तेव्हा रंगमंचावर एक अख्खी गल्ली उभी होती. एका अंगाला श्रीमंतांच्या उंच इमारतीची मागची बाजू, दुसऱ्या अंगाला पोपडे उडालेल्या, दाटीवाटीच्या भाडोत्री इमारती आणि गल्ली संपते तिथे ईस्ट रिव्हरचा धक्का. नदी मात्र प्रेक्षकांच्या पुढ्यात होती. नेपथ्यकार नॉर्मन बेल गेडेसने वादकांच्या खड्ड्यालाच नदी केलं होतं. उघडीवाघडी पोरं धक्क्यावरून धावत यायची आणि पहिल्या रांगेतल्या माणसांच्या डोळ्यांदेखत त्या खड्ड्यात उडी टाकायची.

सिडनी किंग्सली या नाटककाराचं हे 'डेड एंड'. त्याचे ६८७ प्रयोग झाले. त्यातल्या सहा पोरांपासून पुढे १९३७ ते १९५८ या काळात, निरनिराळ्या नावांनी आणि चार स्टुडिओंमधून, ८९ चित्रपट आणि तीन मालिकापट, म्हणजे भागाभागांनी दाखवायचे चित्रपट, निघाले. त्यातले शेवटचे ४८ म्हणजे 'बाउरी बॉईज'. टोप्या वाकड्या घातलेलं, तोंडाळ, सदा कफल्लक टोळकं आणि त्यांच्या उचापती. हे विनोदी चित्रपट ज्यांना आवडतात त्यांच्यातल्या अनेकांना त्यांचं मूळ इतक्या गंभीर नाटकात आहे हे ठाऊक नसतं. ते ठाऊक झालं की त्या विनोदाकडे पाहण्याची नजर बदलते, निदान माझी तरी बदलली.

बाउरी ही खालच्या मॅनहॅटनमधली रस्त्याची पट्टी. नाव आलं डच भाषेतल्या शेतमळ्याच्या शब्दावरून, कारण डच वसाहतीच्या काळात तिथून मळ्यांकडे वाट जायची. एकोणिसाव्या शतकात तिथे कसाई, मजूर, हौशी अग्निशामक अशा कष्टकऱ्यांची वस्ती वाढली आणि 'बाउरी बॉईज' नावाची खरीखुरी टोळीही उभी राहिली. आयर्लंडहून आलेल्या स्थलांतरितांवर तिचा राग. जुलै १८५७ मध्ये 'डेड रॅबिट्स' या आयरिश टोळीशी तिची जी दंगल झाली, ती शहराच्या इतिहासात नोंदली गेली आहे. पण त्याच्याही आधी, १८४८ मध्ये, फ्रँक चॅनफ्रॉ या नटाने रंगभूमीवर मोझ नावाचा बाउरीचा गडी उभा केला होता. लाल सदरा, उंच टोपी, कानशिलावर तेल लावून चापून बसवलेले केस, तोंडात रस्त्यावरची भाषा. त्याला पाहून पिटातले, म्हणजे स्वस्त जागांवरचे, प्रेक्षक वेडे व्हायचे, कारण ते स्वतःलाच पाहत होते. म्हणजे न्यूयॉर्कच्या रस्त्यावरच्या पोराला पाहून हसण्याची परंपरा सिनेमापेक्षा कितीतरी जुनी आहे. त्या हसण्यात हेटाळणी कमी आणि ओळख पटल्याचा आनंद जास्त होता, हे विसरून चालणार नाही.

किंग्सलीला मात्र हसवायचं नव्हतं. मंदीचा काळ होता. ईस्ट रिव्हरच्या काठावर जुन्या बकाल इमारतींना खेटून धनिकांच्या नव्या इमारती उठत होत्या. नाटकातली पोरं शेजारच्या श्रीमंत मुलाला मारहाण करतात, त्यांचा म्होरक्या टॉमी त्या मुलाच्या वडिलांवर चाकू चालवतो आणि सुधारगृहाच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. त्याच गल्लीत वाढलेला एक नामचीन गुंड आईला भेटायला परत येतो आणि आई त्याला झिडकारते. टॉमीचं पुढे काय होणार, ते त्या गुंडाकडे बघून कळतं. गल्लीच माणूस घडवते आणि बिघडवते, हे किंग्सलीचं म्हणणं.

चित्रपटनिर्माता सॅम्युएल गोल्डविनने या नाटकाचे हक्क १,६५,००० डॉलर्सना घेतले. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. १९३७ च्या चित्रपटाचं दिग्दर्शन विल्यम वायलरचं, पटकथा लिलियन हेलमनची, कॅमेरा ग्रेग टोलंडचा आणि गुंडाच्या भूमिकेत हम्फ्री बोगार्ट. वायलरला खऱ्या न्यूयॉर्कमध्ये चित्रण करायचं होतं, पण गोल्डविनने सगळी गल्ली स्टुडिओत बांधायला लावली. नाटकातली सहा पोरं मात्र त्याने न्यूयॉर्कहून तशीच उचलून आणली: बिली हॅलॉप, लिओ गॉर्सी, हंट्झ हॉल, बॉबी जॉर्डन, गॅब्रिएल डेल आणि बर्नार्ड पन्सली.

यातल्या गॉर्सीकडे नीट पाहायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. त्याचा बाप बर्नार्ड गॉर्सी हा रंगभूमीवरचा जेमतेम पाच फूट उंचीचा नट. लिओला नाटकाचं वेड नव्हतं, तो प्लंबरच्या हाताखाली काम शिकत होता. धाकटा भाऊ डेव्हिड 'डेड एंड'मध्ये होता, त्याच्या आणि बापाच्या आग्रहाने लिओही एका किरकोळ भूमिकेत शिरला. मग 'स्पिट'ची भूमिका करणारा मुलगा दुसऱ्या नाटकात गेला आणि ती जागा लिओला मिळाली. ठेंगणा, चिवट, ओठाच्या कोपऱ्यातून बोलणारा. नाटकात पोरांचा म्होरक्या हॅलॉप होता आणि गॉर्सी त्यातलं सर्वांत खवट कार्टं. पुढे म्होरकेपण गॉर्सीकडे कसं सरकत गेलं, हाच या चित्रपटांचा खरा इतिहास आहे, असं मला वाटतं.

पोरं पडद्याबाहेरही तितकीच वांड होती. त्यांनी स्टुडिओत धुमाकूळ घातला, एकदा तर एक ट्रक थेट साउंड स्टेजवर नेऊन आदळला, असं सांगतात. गोल्डविन वैतागला आणि त्याने त्यांचे करार वॉर्नर ब्रदर्सला विकून टाकले. वॉर्नरकडे गुंडपटांची परंपरा होती, पोरं तिथे फिट्ट बसली. तिथल्या सहा चित्रपटांत १९३८ चा 'एंजल्स विथ डर्टी फेसेस' सर्वांत गाजला. जेम्स कॅग्नीचा गुंड विजेच्या खुर्चीकडे जाताना भेदरल्यासारखा ओरडतो, कारण त्याला देव मानणाऱ्या पोरांच्या मनातून तो उतरावा, असं त्याच्या पाद्री मित्राने मागितलेलं असतं. चित्रणाच्या वेळी गॉर्सी मनाचेच संवाद घुसडायला लागला, तेव्हा कॅग्नीने त्याला एक ठेवून दिली, असा किस्सा आहे. कॅग्नी स्वतः न्यूयॉर्कच्या ईस्ट साइडला वाढलेला, असल्या पोरांना कसं वठणीवर आणायचं ते त्याला पक्कं ठाऊक असणार.

पण गॉर्सीची ती खोड महत्त्वाची आहे. लिहून दिलेल्या वाक्याच्या बाहेर उडी मारायची, दुसऱ्याच्या वाक्यात पाय घालायचा, एकमेकांना टपल्या मारत बोलायचं. यातूनच पुढचा विनोद उगवला. लेखकाने कागदावर विनोद लिहिला आणि पोरांनी म्हटला, असं घडलं नाही. गंभीर प्रसंगातही पोरं गप्प बसेनात, आणि लोक त्यांनाच बघायला येतात हे हळूहळू निर्मात्यांच्या ध्यानात आलं.

१९३९ नंतर वॉर्नरने त्यांना सोडलं. काही जण त्याआधीच युनिव्हर्सलमध्ये 'लिटल टफ गाईज' नावाने काम करायला लागले होते, तिथे बारा चित्रपट आणि ते तीन मालिकापट झाले. १९४० मध्ये सॅम कॅट्झमन या निर्मात्याने मोनोग्राम या स्टुडिओसाठी 'ईस्ट साइड किड्स' सुरू केले. एकाच वेळी दोन ठिकाणी जवळपास तीच पोरं, नावं वेगळी. आज हे सगळे चित्रपट एकाच गाठोड्यात बांधले जातात, ते यामुळेच.

मोनोग्राम म्हणजे हॉलिवूडच्या 'पॉव्हर्टी रो'मधला, स्वस्तातले चित्रपट काढणाऱ्या छोट्या स्टुडिओंपैकी एक. पैसा थोडा, सेट तेच ते, चित्रण दिवसांच्या हिशेबात उरकायचं. तेव्हा थिएटरात एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत. पहिला मोठ्या ताऱ्यांचा, त्याच्या उत्पन्नातला टक्का स्टुडिओला जाई. जोडीचा दुसरा चित्रपट ठरावीक भाड्याने मिळे. ईस्ट साइड किड्स हा असा जोडीचा चित्रपट होता. तो कितीही चालला तरी मिळकत ठरलेली, त्यामुळे खर्च आवळणं हाच धंदा. पण मालिकेचं नाव झालं की थिएटरवाले पुढचा चित्रपट डोळे झाकून घेत. कमी पैशात, कमी वेळात काढलेल्या त्या चित्रपटांत कथेला भोकं पडायची आणि ती पोरं बडबडीने बुजवायची. पूर्ण विनोदी वळण इथेच लागलं. भुताटकीच्या हवेलीत भयपटांतला नट बेला लुगोसी याच्यासमोर ही पोरं सोडून दिली की बाकी काही करावं लागत नसे.

या टोळीत 'सनशाइन सॅमी' मॉरिसन हा कृष्णवर्णीय नटही होता, लहानपणी 'अवर गँग' या बच्चेकंपनीच्या विनोदी मूकपटांतून पुढे आलेला. त्याच्या रंगावर केलेले काही विनोद आज ऐकवत नाहीत. तरीही जिथे कृष्णवर्णीय नटाच्या वाट्याला बहुधा नोकराचंच काम यायचं, त्या काळातल्या हॉलिवूडमध्ये तो टोळीतला एक म्हणून इतरांच्या बरोबरीने भटकतो, मारामारी करतो, हे नोंदवायला हवं.

बावीस चित्रपट झाले आणि १९४५ मध्ये गॉर्सीने पगार दुप्पट मागितला. कॅट्झमनने नकार देऊन मालिकाच बंद केली. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो, कारण यानंतर पोरांनी आपला धंदा आपल्या हातात घेतला. बॉबी जॉर्डनने आपला एजंट जॅन ग्रिपो याच्याशी गॉर्सीची गाठ घालून दिली. नवी निर्मितीसंस्था उभी राहिली आणि तिच्यात गॉर्सीची चाळीस टक्के मालकी होती. स्टुडिओ पुन्हा मोनोग्रामच. १९४६ च्या 'लाइव्ह वायर्स'पासून नव्या नावाने खेळ सुरू झाला: 'बाउरी बॉईज'. खवट 'स्पिट' आता टोळीचा म्होरक्या स्लिप माहोनी झाला होता, आणि पडद्यामागेही म्होरक्याच.

पडद्यावर त्यांचा अड्डा म्हणजे लुई डंब्रॉव्स्कीचं आइस्क्रीम-सोड्याचं दुकान. लुई झाला होता खुद्द बर्नार्ड गॉर्सी, लिओचा बाप. एखादा प्रसंग आठवून पाहा. दुकानात पोरं पसरलेली, एकाच्याही खिशात दमडी नाही. सॅच, म्हणजे हंट्झ हॉल, डोक्याला बेसबॉलची टोपी, तिचा पुढचा भाग वर मुडपलेला, समोर उधारीवरचं बनाना स्प्लिट. लुई पैशांसाठी नाचतो आहे. मग स्लिप आत येतो, हॅटची कडा वर वळवलेली, छाती काढून एखादी मोठी योजना सांगायला लागतो. सॅच मध्येच काहीतरी बरळतो. स्लिप डोक्यावरची हॅट काढतो आणि तिनेच त्याला झोडपतो. शेकडो वेळा पाहिलं तरी त्या हॅटची वेळ चुकत नाही.

आणि स्लिपची भाषा! न शिकलेल्या माणसाने मोठ्या शब्दांवर घातलेला हात. 'ऑप्टिकल इल्युजन' म्हणायचं तर तो 'ऑप्टिकल डिल्युजन' म्हणणार. 'डिडक्शन'चं, म्हणजे तर्काचं, कौतुक करायचं तर 'क्लेव्हर सिडक्शन!' म्हणजे त्या तर्काची सुंदर फूस होणार. हे शब्द तो चुकून म्हणत नाही, रुबाबात म्हणतो. ज्या गल्लीने त्याला शाळा दिली नाही, तिथल्या पोराला साहेबी शब्दांचं आकर्षण वाटणं स्वाभाविक आहे. किंग्सलीने जे वंचितपण सुरी उपसून दाखवलं, ते गॉर्सीने शब्द मोडून दाखवलं. म्हणून या विनोदाला निव्वळ पोरखेळ म्हणायला मी तयार नाही.

सुरुवातीच्या काही चित्रपटांत गुन्हेगारीचा गंभीर धागा शिल्लक होता. १९५३ च्या सुमारास दिग्दर्शक एडवर्ड बर्न्ड्स आणि लेखक एलवुड उलमन आले, दोघेही 'थ्री स्टूजेस' या मारधाडीच्या विनोदी त्रिकुटाच्या तालमीतले, आणि सगळंच धसमुसळ्या प्रहसनात गेलं. पोरं लंडनला गेली, सैन्यात गेली, राक्षसांना भेटली. गल्ली मागे पडत गेली. मला स्वतःला चाळीसच्या दशकाअखेरचे चित्रपट जास्त आवडतात, कारण त्यांत रस्त्याचा वास अजून आहे. बर्न्ड्स आणि उलमन यांच्या वाट्याला एक विलक्षण प्रसंग आला. त्यांच्या 'हाय सोसायटी' या बाउरी बॉईजपटाला कथेसाठी चक्क ऑस्कर नामांकन मिळालं, कारण एमजीएमच्या त्याच नावाच्या संगीतपटाशी गल्लत झाली होती. दोघांनी नामांकन सन्मानाने परत केलं.

सप्टेंबर १९५५ मध्ये बर्नार्ड गॉर्सी मोटार अपघातात गेले. लिओ कोसळला. दारू वाढली. पुढच्या 'क्रॅशिंग लास व्हेगास'मध्ये त्याचा तोल गेलेला कॅमेऱ्यालाही लपवता आलेला नाही, आणि बाप ज्या दुकानात उभा असायचा तिथे त्याच्याशिवाय उभं राहणं त्याला किती जड गेलं असेल, याचा विचार केल्याशिवाय तो चित्रपट मला पाहवत नाही. पैशांवरून वाद झाला आणि तो मालिका सोडून गेला. त्याच्या जागी स्टॅनली क्लेमेंट्स या नटाला घेऊन आणखी सात चित्रपट काढले, १९५८ च्या 'इन द मनी'ने मालिका संपली. हंट्झ हॉल तोवर अडतीसच्या आसपास होता आणि अजूनही 'बॉय' होता. बाउरीवरून धडधडत जाणारी थर्ड अॅव्हेन्यूची उन्नत रेल्वेही १९५५ मध्येच बंद पडून मोडीत निघाली होती.

मग हे चित्रपट दूरचित्रवाणीवर आले आणि थिएटरात ते कधीच न पाहिलेल्या नव्या मुलांनी ते घरी बसून पाहिले. त्यांची कीर्ती टिकली ती या दुसऱ्या फेरीमुळे. स्टुडिओंना त्यांची किंमत ठरावीक भाड्याइतकी होती, प्रेक्षकांनी ती वाढवली.

सहाही पोरांच्या वाटा वेगळ्या झाल्या. जॉर्डन १९६५ मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी गेला. गॉर्सी २ जून १९६९ ला, बावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. हॅलॉपने नंतर रुग्णांची शुश्रूषा करण्याचं काम शिकून घेतलं आणि अभिनयाबरोबर तेही केलं. पन्सली सिनेमा सोडून सैन्यात गेला, मग डॉक्टर झाला आणि आयुष्यभर डॉक्टरकीच केली. बेलास्कोच्या धक्क्यावरून वादकांच्या खड्ड्यात उडी मारणाऱ्या त्या सहांपैकी तो सर्वांत शेवटी, २००४ मध्ये गेला.