जंपरने मास्टर-स्लेव्ह की केबल सिलेक्ट? जुन्या संगणकात आयडीई डिस्क लावताना

आयडीई म्हणजे जुन्या संगणकात रुंद पट्टीच्या केबलने डिस्क जोडायची पद्धत. अशा हार्ड डिस्कच्या मागच्या बाजूला ४० पिनांचा सॉकेट आणि विजेचा चार पिनांचा सॉकेट यांच्यामध्ये बारीक पिनांचा एक गट असतो. त्यातल्या दोन पिना जोडणारा चिमुकला प्लॅस्टिकचा तुकडा म्हणजे जंपर. डिस्कवरच्या लेबलवर त्याच्या जागा छापलेल्या असतात: मास्टर, स्लेव्ह आणि सीएस, म्हणजे केबल सिलेक्ट. सीएस म्हणजे ‘आपोआप’, तेव्हा तेच लावावं असं बऱ्याच जणांना वाटतं. उलट काही जण मास्टर लावलं की डिस्क जास्त वेगाने चालते असं धरून चालतात. दोन्ही समज चुकीचे आहेत. डिस्क न दिसण्याच्या तक्रारींचा मोठा भाग याच गोंधळातून येतो.

दोन्ही पद्धती एकच गोष्ट ठरवतात: एका केबलवरच्या दोन उपकरणांपैकी क्रमांक ० (मास्टर) कुणाचा आणि क्रमांक १ (स्लेव्ह) कुणाचा. जंपर मास्टर किंवा स्लेव्हवर असेल तर हा निर्णय डिस्कवर होतो आणि केबलच्या कुठल्याही टोकाला लावली तरी तो बदलत नाही. जंपर सीएसवर असेल तर डिस्क स्वतः काहीच ठरवत नाही. केबलमधल्या एका तारेवर काय आहे ते बघून ती आपला क्रमांक घेते. म्हणजे सीएस चालण्यासाठी डिस्क, केबल आणि मदरबोर्ड ही तिन्ही त्या पद्धतीची लागतात, तर जंपरने क्रमांक देण्याला केबल कसलीही चालते.

क्रमांक लागतो कशाला?

दोन्ही डिस्क त्याच ४० तारांवर समांतर जोडलेल्या असतात. मदरबोर्डने पाठवलेला प्रत्येक आदेश दोघींनाही पोचतो. डिस्कच्या एका रजिस्टरमध्ये, म्हणजे आदेश ठेवायच्या छोट्या जागेत, एक बिट असतो. तो ० असेल तर क्रमांक ० वाली उत्तर देते आणि १ असेल तर दुसरी. मास्टर स्लेव्हला चालवत नाही, कारण प्रत्येक डिस्कचा नियंत्रक तिच्यातच असतो. वेगही या क्रमांकावर ठरत नाही. दोघींचा क्रमांक सारखा झाला तर मात्र दोघी एकाच वेळी उत्तर देतात आणि डेटा एकमेकांवर आदळतो. मग बायोसला, म्हणजे संगणक सुरू होताना उपकरणं तपासणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमला, दोन्ही डिस्क दिसत नाहीत, नाहीतर एकच दिसते आणि तिच्या नावात भलतीच अक्षरं मिसळलेली असतात. नावात अशी भेसळ दिसली की डिस्क बिघडली असं धरून चालू नका. आधी जंपर बघा.

सुरुवातीच्या तपासणीत मात्र दोघींची भूमिका वेगळी असते. वीज सुरू झाल्यावर स्लेव्ह ३९व्या पिनवरून ‘मी आहे’ असं कळवते आणि स्वतःची तपासणी झाली की ३४व्या पिनवरून तसं सांगते. स्लेव्ह आहे असं मास्टरला कळलं असेल तर तिच्या निरोपासाठी ती ३१ सेकंदांपर्यंत थांबू शकते. पुढे येणारा ‘सिंगल’चा प्रकार समजून घ्यायला हे लक्षात ठेवायला हवं.

जंपरने क्रमांक देताना

इथला मोठा खड्डा म्हणजे जंपरच्या जागा प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या असतात. जंपर पूर्ण काढून टाकला तर सीगेटच्या बऱ्याच डिस्क स्लेव्ह होतात, तर वेस्टर्न डिजिटलची डिस्क ‘सिंगल’ होते, म्हणजे केबलवर एकटीच. एका डिस्कचं लेबल बघून दुसरीचा जंपर लावायला गेलात तर फसालच.

वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कमध्ये ‘सिंगल’ आणि ‘मास्टर’ वेगळे असतात. तिथे मास्टरचा अर्थ ‘सोबत स्लेव्ह आहे’ असा होतो. डिस्क एकटीच असताना जंपर मास्टरवर राहिला तर ती नसलेल्या स्लेव्हच्या निरोपाची वाट बघत बसते. संगणक सुरू होताना बराच वेळ अडकतो किंवा बायोस डिस्क सापडली नाही असं सांगतो. दुसरी डिस्क काढून घेतल्यावर उरलेली डिस्क अचानक दिसेनाशी झाली तर बऱ्याचदा हा जंपर सिंगलवर आणल्यानेच काम होतं. सीगेटच्या बहुतेक डिस्कमध्ये मास्टर आणि एकटी यांची जागा एकच असल्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

काही डिस्कवर क्षमता मर्यादित करणारा आणखी एक जंपर असतो. जुन्या बायोसला मोठी डिस्क पेलत नसेल तर तो लावल्यावर डिस्क ३२ जीबीची असल्याचं सांगते. ८० जीबीची डिस्क लावूनही ३२च दिसत असेल तर हा जंपर चुकून बसलेला नाही ना, ते बघा.

केबल सिलेक्ट: सगळा खेळ २८व्या पिनचा

केबलमधली २८वी तार मदरबोर्डच्या बाजूला ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडलेली असते. सीएसवर असलेल्या डिस्कला या पिनवर ग्राउंड मिळालं तर ती क्रमांक ० होते. पिन मोकळी असेल तर क्रमांक १. दोन डिस्कना वेगळे क्रमांक मिळायचे तर दोघींपैकी एका कनेक्टरवर ही तार तोडलेली हवी. नेमकी कुठे, हे केबलवर अवलंबून असतं आणि गोंधळाचं मूळ तेच आहे.

केबल दोन प्रकारच्या असतात आणि कनेक्टर दोन्हींचे ४० पिनांचेच. एकीत ४० तारा असतात, दुसरीत ८०. जास्तीच्या ४० तारा ग्राउंडच्या असतात. त्या सिग्नलच्या तारांमध्ये एकाआड एक बसतात आणि शेजारच्या तारेतला गोंगाट अडवतात. ६६ एमबी प्रति सेकंद आणि त्यापुढच्या वेगांना ही केबल लागतेच. हातात घेतल्यावर फरक लगेच कळतो, कारण ८० तारांच्या पट्टीवरच्या रेघा निम्म्या जाडीच्या, अगदी बारीक असतात.

८० तारांच्या केबलचे रंग ठरलेले आहेत. निळा कनेक्टर मदरबोर्डला, काळा टोकाला मास्टरसाठी आणि मधला करडा स्लेव्हसाठी. करड्या कनेक्टरमध्ये २८वी पिन जोडलेलीच नसते. त्यामुळे दोन्ही डिस्क सीएसवर ठेवल्या की क्रमांक बरोबर वाटले जातात. एकच डिस्क असेल तर ती काळ्याच टोकाला लावावी. मधल्या कनेक्टरवर लावली तर केबलचं मोकळं शेपूट पुढे लोंबतं, त्यावरून सिग्नल परततात आणि वेगवान मोडमध्ये वाचन-लेखनाच्या चुका येतात. वर सीएसमुळे ती एकटी डिस्क स्लेव्ह होते, ते वेगळंच. एकटी स्लेव्ह काही बायोस चालवून घेतात, काही घेत नाहीत.

४० तारांच्या साध्या केबलमध्ये २८वी तार दोन्ही कनेक्टरना सरळ जोडलेली असते. तिच्यावर दोन्ही डिस्क सीएसवर ठेवल्या तर मदरबोर्डने पिन ग्राउंड केली असल्यास दोघी मास्टर आणि केली नसल्यास दोघी स्लेव्ह होतात. दोन्ही प्रकारांत एकही धड दिसत नाही. ४० तारांची खास सीएस केबलही असायची. तिच्यात २८वी तार दोन डिस्क कनेक्टरच्या मधोमध तोडलेली असते. त्यामुळे मधला कनेक्टर मास्टर होतो आणि टोकाचा स्लेव्ह, म्हणजे ८० तारांच्या केबलच्या बरोबर उलट. अशी केबल बदलून नवी ८० तारांची लावली आणि डिस्क होत्या त्याच कनेक्टरवर ठेवल्या, तर मास्टर-स्लेव्ह उलटे होतात आणि संगणक भलत्याच डिस्कवरून सुरू व्हायला बघतो.

केबल कोणती याची शंका असेल तर ती पूर्ण सुटी करून मल्टिमीटरने तपासा. केबलच्या कनेक्टरच्या मधोमध बहुतेकदा एक छिद्र बंद असतं, ती २०वी जागा. त्याच ओळीत ४०व्या पिनच्या दिशेने मोजलं की पुढचं चौथं छिद्र २८वं. एक प्रोब मदरबोर्डच्या टोकाच्या २८वर ठेवा आणि दुसरा आळीपाळीने दोन्ही डिस्क कनेक्टरच्या २८वर. दोन्हीकडे जोड लागला तर साधी केबल, एकाच ठिकाणी लागला तर सीएसची. जिथे लागला तो मास्टर. मदरबोर्ड तपासायचा तर वीज पूर्ण तोडा आणि तिथली २८वी पिन व शेजारची ३०वी, म्हणजे ग्राउंडची पिन, यांमधला रोध मोजा. काही बोर्डांवर तिथे काहीशे ओहमचा रोध असतो. त्यामुळे मीटरच्या बीपवर विसंबू नका, आकडा वाचा.

मग निवडायचं काय?

दोन्ही डिस्क ८० तारांच्या केबलवर असतील आणि दोन्हींच्या लेबलवर सीएसची जागा असेल तर सीएस निश्चिंत वापरा. पुढे डिस्क बदलली तरी जंपरला हात लावावा लागत नाही. बाकी सगळ्या ठिकाणी, म्हणजे केबल ४० तारांची, मदरबोर्ड फार जुना, किंवा डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डाचा ॲडॉप्टर असेल तर जंपरने थेट क्रमांक द्यावा. यात शंकेला जागा उरत नाही, म्हणून अनोळखी जुन्या यंत्रात आम्ही नेहमी याच बाजूने असतो. ८० तारांच्या केबलवर जंपरने क्रमांक दिले तरी हरकत नाही. फक्त मास्टर काळ्या टोकाला ठेवला की पुढे केबल बघणाऱ्याला घोळ होत नाही.

टाळायची ती सरमिसळ. एक डिस्क सीएसवर आणि दुसरी जंपरने मास्टर ठेवली तर सीएसवाली कुठल्या कनेक्टरवर आहे यावर सगळं लटकतं. करड्यावर असेल तर काम चालतं, काळ्यावर असेल तर दोन मास्टर होतात. केबल हलवली की चाललेली जोडणी बंद पडते आणि कारण सापडत नाही.

जोडणी करताना

वीज तोडून, पेटीच्या धातूला हात लावून मगच काम सुरू करा. जंपर डिस्क बसवण्यापूर्वीच लावा, नंतर तिथे बोटं पोचत नाहीत. ३.५ इंचाच्या डिस्कला ६-३२ जातीचे जाड आट्यांचे स्क्रू लागतात. सीडी ड्राइव्हचे बारीक आट्यांचे एम३ स्क्रू डिस्कमध्ये सैल बसतात. डिस्कचे स्क्रू उलट ड्राइव्हमध्ये पिळले तर त्याचे आटे जातात.

केबलच्या कडेची लाल तार पहिल्या पिनकडे यायला हवी. बहुतेक डिस्कवर ही बाजू विजेच्या सॉकेटकडे असते, तरी लेबल बघाच. जुन्या केबलच्या कनेक्टरला खाच नसते, त्यामुळे ती उलटीही बसते. तसं झालं की संगणक सुरू करताच पेटीवरचा डिस्कचा दिवा पेटतो आणि विझतच नाही. घाबरू नका, वीज तोडून केबल पालटा. केबलची लांबी १८ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको.

आता बायोसमध्ये जाऊन त्या जागेची नोंद ‘ऑटो’ करा. तिथे ‘नन’ राहिलं असेल तर जंपर कितीही बरोबर असला तरी डिस्क दिसणार नाही. सुरू होताना ‘८० कंडक्टर केबल नाही’ अशा अर्थाची सूचना आली तर केबल ४० तारांची आहे किंवा ८० तारांची उलट टोकाने लावली आहे. निळ्या कनेक्टरमधली ३४वी पिन ग्राउंड असते आणि मदरबोर्ड त्यावरूनच केबल ओळखतो. काळं टोक बोर्डवर लावलं तर ही खूण मिळत नाही आणि वेग ३३ एमबी प्रति सेकंदावर अडकतो. डिस्क मात्र चालते, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं तशीच राहू शकते.

डॉस किंवा विंडोज ९८ असेल तर आणखी एक गोष्ट. ड्राइव्हची अक्षरं देताना आधी प्रत्येक डिस्कचं प्रायमरी पार्टिशन (डिस्कचा मुख्य भाग) मोजलं जातं आणि नंतर लॉजिकल ड्राइव्ह, म्हणजे एक्स्टेंडेड नावाच्या भागात पाडलेले उपभाग. पहिल्या डिस्कवर प्रायमरी सी आणि लॉजिकल डी असताना प्रायमरी पार्टिशन असलेली दुसरी डिस्क लावली की डी हे अक्षर तिला जातं आणि जुना डी सरकून ई होतो. मग डीवर बसवलेले प्रोग्रॅम सापडत नाहीत. दुसऱ्या डिस्कवर प्रायमरी पार्टिशन न करता फक्त एक्स्टेंडेड करून त्यात लॉजिकल ड्राइव्ह बनवले तर जुनी अक्षरं जागच्या जागी राहतात.